पडद्यावरचे हॅकर आणि टपाल कचेरीतले आरोपी

अंधारी खोली. डोक्यावर जाकिटाची टोपी ओढून बसलेला एक अबोल तरुण. समोर काळ्या पडद्यावर सरसर धावणारी हिरवी अक्षरे. कळफलकावर बोटे नाचतात, एक लाल पाटी झळकते आणि जगातील सर्वांत मोठ्या बँकेची तिजोरी उघडते. संगणकात चोरवाटेने शिरणाऱ्या माणसाचे, म्हणजे हॅकरचे, हे चित्र दूरचित्रवाणीने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतक्या वेळा दाखवले आहे, की महाविद्यालयीन तरुणापासून निवृत्त आजोबांपर्यंत सर्वांच्या मनावर तेच ठसले आहे. त्याच्या जोडीला दुसरे चित्र असते ते अजस्र तंत्रज्ञान कंपनीचे. काचेचा उत्तुंग मनोरा आणि त्याच्या शेवटच्या मजल्यावर बसलेला, सर्व काही जाणणारा, थंड डोक्याने दुष्टपणा करणारा तिचा प्रमुख. एका बाजूला एकांडा प्रतिभावंत, दुसऱ्या बाजूला सर्वशक्तिमान कंपनी. या झुंजीत सामान्य माणसाला जागा असते ती फक्त प्रेक्षकाची.

करमणुकीला अतिशयोक्ती क्षम्य असते. २००४ साली ‘एनसीआयएस’ या अमेरिकी मालिकेत हल्ला परतवण्यासाठी दोन अधिकारी एकाच कळफलकावर चार हातांनी टंकलेखन करताना दाखवले गेले आणि अखेर त्यांच्या वरिष्ठाने विजेची तार उपटून प्रश्न सोडवला. त्या दृश्यावर जाणकार आजही हसतात. प्रश्न हसण्यापुरता असता तर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. पण ही चित्रे पाहून समाज कोणापासून सावध राहायचे हे ठरवतो, आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हेही ठरवतो. तेथे चूक झाली, तर तिची किंमत निरपराध माणसाला मोजावी लागते. इंग्लंडमध्ये ती शेकडो कुटुंबांनी मोजली. आपल्याकडेही ती मोजली जात आहे.

‘मिस्टर रोबोट’चे खरे आणि खोटे

या प्रकारच्या मालिकांत सर्वांत प्रामाणिक मानली गेली ती सॅम इस्मेल यांची ‘मिस्टर रोबोट’. २०१५ ते २०१९ या काळात अमेरिकेत तिची चार पर्वे दाखवली गेली. तिचा नायक इलियट दिवसा एका संगणकसुरक्षा कंपनीत नोकरी करतो आणि रात्री हॅकर होतो. ‘ई कॉर्प’ नावाचा एक अवाढव्य उद्योगसमूह त्याच्या वडिलांच्या मृत्यूला कारणीभूत झालेला आहे. त्या समूहाकडील कर्जाच्या साऱ्या नोंदी नष्ट करून जनतेला ऋणमुक्त करायचे, असा त्याच्या गटाचा बेत असतो.

या मालिकेचे श्रेय नाकारता येणार नाही. तिच्यात जादूची कळ नाही. इलियट लोकांचे पासवर्ड ओळखतो ते त्यांच्या कुत्र्या-मांजरांच्या नावांवरून आणि जन्मतारखांवरून. वाहनतळावर मुद्दाम टाकलेला पेन ड्राइव्ह एक पोलीस कुतूहलाने उचलतो, संगणकाला लावतो आणि दार उघडते. कडेकोट बंदोबस्ताच्या नोंदगृहात नायक शिरतो तो बड्या पाहुण्याचे सोंग घेऊन. फसवणुकीचे मर्म यंत्राइतकेच माणसाच्या स्वभावात असते, हे येथे अचूक पकडले आहे. इतकेच नव्हे, तर कर्जाच्या नोंदी पुसल्यावर जनता सुखी होत नाही, हेही पुढच्या पर्वांत दिसते. रोकड मिळेनाशी होते, लोक रांगांत उभे राहतात आणि तीच ‘ई कॉर्प’ स्वतःचे आभासी चलन घेऊन अधिक बलवान होऊन उभी ठाकते.

असे असूनही मालिकेचा पाया जुनाच आहे. तिच्या जगात अनर्थामागे नेहमी कोणाचा तरी पक्का हेतू असतो. कंपनी दुष्ट असते, कारण ती चालवणारे दुष्ट असतात. कोणी विसरले, कोणी टाळाटाळ केली, कोणी सही करून मोकळा झाला, म्हणून अनर्थ घडला, असे नाट्यात दाखवणे अवघड जाते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक वेळा तसेच घडते.

चोरांनी पाहिलेले पंचांग

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ९५ कोटी १० लाख डॉलर काढण्याचा प्रयत्न झाला. चोर त्या रात्री अवतरलेले नव्हते. नोकरीचा अर्ज असल्याचे भासवणारी ईपत्रे त्यांनी वर्षभर आधी बँकेत धाडली होती, आणि फिलिपिन्समधील एका बँकेत मे २०१५ मध्येच खाती उघडून ठेवली होती. नंतर त्यांनी वाट पाहिली. धाड घातली ती गुरुवारी रात्री, कारण बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. पुढे अमेरिकेतील शनिवार-रविवार, आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. व्यवहारांची नोंद छापणारा मुद्रक त्यांनी आधीच निकामी केलेला होता. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले आणि तेथील जुगारगृहांत विरले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर मात्र अडले, कारण आज्ञापत्रात ‘फाउंडेशन’ या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकले होते. अमेरिकी तपास यंत्रणांनी या कृत्याचा ठपका उत्तर कोरियाच्या सरकारी टोळीवर ठेवला. चार दिवसांच्या सुट्ट्यांचा हिशोब आणि एक शुद्धलेखनाची चूक, एवढ्यावर अब्जावधींचा निकाल लागला.

मराठी वाचकांना याच जातीचा प्रकार पुण्यातच पाहावा लागला. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत घुसखोरांनी आपली समांतर यंत्रणा बसवली. बनावट कार्डावर पैसे मागितले गेले, की ती मागणी बँकेच्या मूळ प्रणालीकडे जाण्याऐवजी या समांतर यंत्रणेकडे जाई आणि तेथून ‘मंजूर’ असे उत्तर येई. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून हजारो व्यवहार झाले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवले गेले. एकूण नुकसान ९४ कोटी ४२ लाखांचे. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नसल्याचे बँकेने सांगितले, तो भार बँकेवर पडला.

या प्रकरणात पोलिसांच्या हाती कोण लागले? एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. यंत्रात घुसणारा मेंदू त्यांच्यात नव्हता. बनावट कार्डे घेऊन एटीएमसमोर रांगेत उभे राहणारे, मिळालेल्या पैशातील वाटा उचलणारे हे लोक होते. पडद्यावरची चोरी एकटा अलौकिक बुद्धीचा तरुण करतो. प्रत्यक्षातील चोरीला हमालही लागतात, आणि शिक्षा बहुधा हमालांनाच होते.

दुष्टपणापेक्षा ढिलाई

कंपन्यांच्या चित्राकडे वळावे. आपल्याकडे कर्ज देण्यापूर्वी बँका ‘सिबिल’ची नोंद पाहतात. अमेरिकेत असेच काम करणाऱ्या तीन बड्या कंपन्यांपैकी एक म्हणजे इक्विफॅक्स. मार्च २०१७ मध्ये तिच्या वापरातील एका सॉफ्टवेअरमध्ये भगदाड असल्याचा जाहीर इशारा दिला गेला. दुरुस्ती फुकट उपलब्ध होती. ती ४८ तासांत करावी असा निरोप कंपनीत फिरलाही, पण एका प्रणालीवर ती झालीच नाही. मे महिन्यात घुसखोर आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आतच राहिले. त्यांची ये-जा टिपण्यासाठी बसवलेले उपकरण मुदत संपलेल्या प्रमाणपत्रामुळे आंधळे झाले होते. प्रमाणपत्र बदलताच चोरी दिसली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख अमेरिकी नागरिकांची नावे, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक बाहेर गेले होते.

मालिकेत अशी कंपनी असती तर तिच्या प्रमुखाने ही माहिती स्वतः विकली असती आणि सोनेरी पेल्यातून मद्य पीत तो हसला असता. प्रत्यक्षात पायउतार झालेले मुख्याधिकारी ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसले आणि दुरुस्तीचा निरोप पुढे न पोहोचवणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या चुकीकडे त्यांनी बोट दाखवले. २०१९ मध्ये ७० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. २०२० मध्ये अमेरिकेने चिनी सैन्यातील चार जणांवर आरोप ठेवले. दार फोडणारे शत्रू खरेच होते, पण कडी घालायला विसरलेले घरचेच होते. दुष्ट माणसाशी लढता येते. ढिलाईशी लढण्यासाठी रोज उठून कडी तपासावी लागते, आणि कडी तपासणाऱ्यावर कोणी मालिका काढत नाही.

हॅकर नसलेली गोष्ट

संगणक आणि कंपनी यांची या काळातील सर्वांत हृदयद्रावक गोष्ट पडद्यावर आली, तेव्हा तिच्यात हॅकर नव्हता. तिच्यात होते खेडोपाडीचे पोस्टमास्तर.

ब्रिटनमध्ये छोटी टपाल कचेरी बहुधा किराणा किंवा स्टेशनरीच्या दुकानात असते आणि ती चालवणारा सब-पोस्टमास्तर हा गावाचा विश्वासू माणूस असतो. १९९९ पासून या कचेऱ्यांत ‘होरायझन’ नावाची हिशोबाची संगणकप्रणाली बसवली गेली. ती जपानच्या फुजित्सु समूहातील कंपनीने तयार केली होती. लवकरच ठिकठिकाणी तूट दिसू लागली. दिवसभराची रोकड मोजून बरोबर, पण पडद्यावर शेकडो, हजारो पौंड कमी. करारानुसार तूट भरून देण्याची जबाबदारी सब-पोस्टमास्तरची होती. मदतकेंद्राला दूरध्वनी केला तर अनेकांना एकच उत्तर मिळे : असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे.

त्या एका वाक्याने माणसे एकटी पडली. कोणी बचत ओतली, कोणी घर गहाण टाकले, कोणी नातेवाइकांपुढे हात पसरले. पोस्ट ऑफिस ही सरकारी मालकीची कंपनी, आणि तिला स्वतः फौजदारी खटले भरता येत होते. २०१५ पर्यंत होरायझनच्या आकड्यांच्या आधारे ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर किंवा खोट्या हिशोबासाठी दोषी ठरवले गेले. त्यातील सुमारे ७०० खटले खुद्द पोस्ट ऑफिसनेच चालवले होते. ली कॅसलटन या पोस्टमास्तरांनी मदतकेंद्राला ९१ वेळा दूरध्वनी केला होता. २००७ साली वकिलाविना लढलेला दिवाणी दावा ते हरले आणि खर्चापोटी ३ लाख २१ हजार पौंडांचा बोजा पडून त्यांचे दिवाळे निघाले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना ७४ हजार पौंड चोरल्याच्या आरोपावरून नोव्हेंबर २०१० मध्ये तुरुंगात धाडले गेले. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्या स्वतः गरोदर होत्या.

यांच्यापैकी कोणीही चोर नव्हते. दोष प्रणालीत होता. शिवाय फुजित्सुचे कर्मचारी दुरून शाखांच्या हिशोबात बदल करू शकत होते आणि पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे हे नाकारत राहिले. न्यायालयेही फसली, कारण १९९९ सालच्या कायदाबदलानंतर संगणक नीट चालत होता असे गृहीत धरण्याची प्रथा इंग्लंडमध्ये पडली होती. तो नीट चालत नव्हता हे दाखवण्याचे ओझे आरोपीवर, आणि दाखवण्याची साधने मात्र फिर्यादीच्या कपाटात! चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मराठी माणसाला पाठ आहे. येथे तर चोर अस्तित्वातच नव्हता, तरी संन्याशांना फाशी दिली गेली.

लढा दिला तो ॲलन बेट्स यांनी. वेल्समधील आपली टपाल कचेरी त्यांनी २००३ मध्ये गमावली होती. त्यांनी देशभरातील पीडितांना शोधून एका सभागृहात जमवले, तेव्हा ‘फक्त तुम्हालाच’ हे असत्य उघडे पडले. ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने २००९ मध्ये हा विषय मांडला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एका दिवशी ३९ जणांची शिक्षा रद्द केली, त्यात सीमा मिश्राही होत्या. न्यायमूर्तींचे शेकडो पानांचे निकालपत्र उपलब्ध होते, चौकशी आयोग चालू होता, तरी देश शांत होता.

मग जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्ही वाहिनीने ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही चार भागांची मालिका दाखवली. तिच्यात हिरवी अक्षरे धावत नाहीत. एक प्रौढ स्त्री मदतकेंद्राशी बोलत सूचनांप्रमाणे कळा दाबते आणि तिच्या डोळ्यांदेखत तुटीचा आकडा दुप्पट होतो, हे तिच्यातले सर्वांत थरारक दृश्य! ते दृश्य जो हॅमिल्टन यांच्या प्रत्यक्ष अनुभवावर बेतलेले होते. मालिका संपताच देश खवळला. पोस्ट ऑफिसच्या माजी मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स यांचा सन्मान काढून घ्यावा यासाठी दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि त्यांनी तो परत केला. २४ मे २०२४ रोजी शेकडो शिक्षा एकदम रद्द करणारा कायदा संमत झाला. पण सर्वांना त्याचा लाभ झाला नाही. चौकशी आयोगाच्या जुलै २०२५ मधील अहवालानुसार या प्रकरणापायी किमान १३ जणांनी जीवन संपवले असण्याची शक्यता आहे.

दूरचित्रवाणीची शक्ती काय असते, याचा हा धडा आहे. जे पाच वर्षांत न्यायालयाच्या कागदांनी साधले नाही, ते चार रात्रींत साधले. त्याचबरोबर एक कटू प्रश्नही उरतो. वर्षानुवर्षे पडद्याने संगणकाला अचूक आणि कंपनीला सर्वज्ञ म्हणून रंगवले नसते, तर पंचांपैकी एकाला तरी ‘यंत्र चुकत असेल’ अशी शंका आली असती काय?

घरात आलेला चोर

इंग्लंडची ही कथा भारतातील घराघराशी जोडलेली आहे, कारण येथेही चुकीच्या चित्राचा बळी सामान्य माणूसच आहे. ‘जामतारा’ या २०२० साली आलेल्या हिंदी वेबमालिकेने निदान एक भ्रम दूर केला. झारखंडमधील अल्पशिक्षित पोरे झाडाखाली बसून बँकेचे अधिकारी असल्याची बतावणी करतात आणि लोकांच्या तोंडूनच कार्डाचे क्रमांक वदवून घेतात. त्यासाठी त्यांना संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आवाजात हुकमत असली की पुरते. तथापि त्या मालिकेचे डोळे त्या पोरांवर खिळलेले होते. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला ज्यांची पुंजी गेली, ते तिच्यात जवळजवळ अदृश्य आहेत.

त्यानंतरच्या काळात चोरांनी पोलिसाचा गणवेशच अंगावर चढवला. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असा दूरध्वनी येतो. पाठोपाठ चित्रसंभाषणात मागे सरकारी चिन्ह लावलेला ‘अधिकारी’ दिसतो. ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कोणाला सांगू नका’ असे फर्मावतो आणि ‘पडताळणीसाठी’ मुदत ठेवी मोडून पैसे वळवायला लावतो. वस्तुतः अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून हे स्पष्ट सांगितले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकारांची दखल घेतली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांचे २२ हजार ८०० कोटी रुपयांहून अधिक गेले.

या चोरांतही एक दुःखद गुंता आहे. नोकरीच्या आमिषाने कंबोडिया-म्यानमारमध्ये नेऊन, पारपत्रे काढून घेऊन, तारेच्या कुंपणाआड डांबलेले अनेक भारतीय तरुण तेथून फसवणुकीचे दूरध्वनी करीत होते. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक जणांना हवाई दलाच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले. पडद्यावरचा हॅकर व्यवस्थेविरुद्ध बंड करतो. येथे दूरध्वनी करणारा स्वतःच बंदिवान असू शकतो.

सर्वांत मोठी हानी मात्र पैशाची नसते. आयुष्यभर शिक्षक म्हणून किंवा बँकेत इमाने काम केलेला गृहस्थ फसतो, आणि घरातील तरुण पिढी म्हणते, “बाबा, तुम्हाला इतकेही कळू नये?” पडद्याने त्यांना शिकवलेले असते, की संगणकचोर म्हणजे अलौकिक बुद्धीचा माणूस. तसा कोणी न येता नुसत्या दूरध्वनीवर जो फसला, तो मूर्खच असला पाहिजे! मग तो गृहस्थ लाजेने गप्प बसतो. तक्रार होत नाही, दुसरा सावध होत नाही. ‘असे फक्त तुमच्याच बाबतीत घडले’ हे जे वाक्य इंग्लंडच्या मदतकेंद्राने उच्चारले, तेच येथे नकळत घरची माणसे उच्चारतात.

पुरावा कोणी द्यायचा?

कायद्याच्या दृष्टीने आपली स्थिती काही बाबतीत बरी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय नोंद पुरावा म्हणून सादर करताना तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यावर यंत्राची जबाबदारी असलेल्या व्यक्तीबरोबरच तज्ज्ञाचीही सही लागते. संगणक बोलला म्हणजे ब्रह्मवाक्य, असे आपला कायदा मानत नाही. रिझर्व्ह बँकेनेही जुलै २०१७ मध्ये ठरवून दिले, की अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर राहील. चूक बँकेची वा ग्राहकाची नसून तिसरीकडे असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याला तोशीस लागू नये. मात्र गुप्त क्रमांक स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे.

नियम चांगले असले तरी ते वापरणारी माणसे जागी असावी लागतात. प्रमाणपत्रावर न वाचता सही करणारा अधिकारी, ‘सिस्टीममध्ये तसेच दिसते आहे’ एवढे बोलून खिडकी बंद करणारा कारकून आणि ते मुकाट्याने ऐकून घरी जाणारा ग्राहक, हे तिघे मिळून उद्याचे होरायझन घडवू शकतात. रेशनच्या दुकानात ज्याचा झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही, त्या कष्टकऱ्याला ‘यंत्र चुकले’ असे म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि ते ऐकून घेणारा कान समोर असला पाहिजे.

येथे संघटित समाजाचे काम सुरू होते. गावोगावच्या सहकारी बँका, पतपेढ्या आणि शिक्षणसंस्था यांच्या संचालक मंडळांवर समाजातील जाणती माणसे बसतात. शनिवारी रात्री यंत्रणेवर नजर कोण ठेवतो, सॉफ्टवेअरची शेवटची दुरुस्ती कधी झाली, तूट दिसली तर माणसाआधी यंत्र तपासले जाते काय, हे तीन प्रश्न त्यांनी सभेत विचारले पाहिजेत. त्यासाठी अभियंता असावे लागत नाही. वस्तीवस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला ज्येष्ठांच्या बैठकीत अर्धा तास काढून ‘डिजिटल अटक’ म्हणजे काय हे सांगता येईल. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवल्यास पैसा पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते, ही एक माहितीही कोणाची तरी आयुष्याची पुंजी वाचवील. आणि घरात एक नियम असावा : कोणी फसले तर आधी धीर, मग तक्रार, उपदेश सर्वांत शेवटी.

मालिका अवश्य पाहाव्यात. मुलांसोबत बसून पाहाव्यात आणि संपल्यावर त्यांना विचारावे, की या गोष्टीत सामान्य माणूस कोठे होता. ॲलन बेट्स यांना जून २०२४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. त्यांनी कोणताही संगणक फोडला नव्हता. ज्यांना प्रत्येकाला ‘तू एकटाच’ असे सांगितले गेले होते, त्या माणसांना त्यांनी एका खोलीत एकत्र बसवले होते. संगणकाच्या युगातही अन्यायाचे निवारण याच जुन्या मार्गाने झाले, हे आपल्या गावातील, आपल्या वस्तीतील माणसांनी ध्यानात ठेवले, तर पुढच्या दूरध्वनीला घाबरून कोणीही दार लावून एकटा बसणार नाही.